तीनच्या जागी दोन

दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या डोक्यावरून आत नजर टाकायचा आणि विचारायचा, "साहेब कुठं हायेत?" साहेब म्हणजे माझा नवरा. तो एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला होता आणि कॉम्प्युटरच्या खोक्याला हात लावायलाही घाबरायचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझा, दुकान माझं, स्क्रू ड्रायव्हर माझा. हे प्रत्येकाला समजावून सांगताना मी इतकी दमायचे, की शेवटी शेवटी "साहेब बाहेर गेलेत, तोवर मी बघते" असं म्हणायला लागले. मग कामं पटापट व्हायची. साहेब त्या दुकानात एकदाही आले नाहीत आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नगरमध्ये मोठ्या कंपनीचे तयार कॉम्प्युटर घेणारे म्हणजे बँका आणि साखर कारखाने. बाकीच्यांना आमच्यासारखे लोक सुटे भाग आणून जोडून द्यायचे. त्यासाठी दर आठवड्याला पहाटेची एसटी धरून पुण्याला जायचं, उन्हात दहा दुकानं फिरायची आणि मदरबोर्डचं खोकं मांडीवर घेऊन परत यायचं. मेमरीच्या पट्ट्या मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायचे. शेजारी बसलेली बाई विचारायची, काय आहे म्हणून. एकदा कंटाळून मी "औषध आहे" असंही सांगितलं होतं.

त्या सगळ्या भागांत मेमरीचा मला सर्वांत जास्त वैताग. दर चार महिन्यांनी नवी जात निघायची, जुनी नव्या बोर्डात बसायची नाही. लोकांना एकच आकडा ठाऊक असायचा, किती एमबी. पट्टीला वेग असतो आणि लेटन्सीही असते हे सांगायला गेलं की समोरचा चेहरा कोरा. वेग म्हणजे पट्टी एकदा द्यायला लागली की किती भराभर देते. लेटन्सी म्हणजे मागितल्यापासून पहिली गोष्ट हाती पडेपर्यंत यंत्राच्या घड्याळाचे किती ठोके थांबावं लागतं. वेगाचा आकडा मोठा असलेला बरा, लेटन्सीचा लहान असलेला बरा. पण विहिरीवरच्या मोटारीचे हॉर्सपॉवर मोजायची सवय असलेल्या माणसाला लहान आकड्यासाठी जास्त पैसे मागितले, की त्याला वाटायचं बाई फसवतेय. म्हणून मी ते सांगणंच सोडून दिलं होतं.

अशात एका डिसेंबरात ते काका आले. मिरजगावचे, पन्नाशीला टेकलेले, पांढरा सदरा, पातळ काचांचा चष्मा, खिशाला पेन. त्यांनी आत डोकावून पाहिलं नाही. समोर उघडा पडलेला कॉम्प्युटर आणि माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहिला आणि म्हणाले, "तुमीच जोडता व्हय?"

"हो."

"मंग बसतो," असं म्हणून ते स्टुलावर बसले. एवढंच. पण त्या वेळी मला काय बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मी न मागता चहा मागवला.

ते कंपोझिटर होते. नगरमधल्या एका छापखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, सगळं. आता छापखाना बंद पडला होता. सगळीकडे कॉम्प्युटरवर अक्षरं जुळत होती, तेव्हा आपणही तेच करावं असं त्यांनी ठरवलं होतं. दोन महिने नगरला खोली घेऊन टायपिंगचा क्लास केला होता, वर्गातल्या बाकी सगळ्यांपेक्षा तिप्पट वयाचे. गावात रस्त्याला लागून भावाचं एक पत्र्याचं शेड रिकामं होतं, तिथं दुकान टाकायचं. "ह्ये जमलं तर जमलं," ते म्हणाले. "मला दुसरं कायीच येत न्हाई."

जवळ किती पैसे आहेत ते लिहून दाखवायला म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं, तर त्याबरोबर एक शिशाचा खिळा टेबलावर पडला. बोटाच्या पेराएवढा, टोकाला उलटा 'ळ'. मी तो उचलून दिला. खिशात कशाला ठेवता, असं विचारलं.

त्यांच्या छापखान्यात एक रीत होती. चुकीचा खिळा लागलेला प्रुफात सापडला, की फोरमन तो चिमट्यानं उपसून हातात धरायचा आणि विचारायचा, "हा कुणाचा?" ज्यानं ती ओळ जुळवली असेल त्यानं "माझा" म्हणायचं आणि तो खिळा वरच्या खिशात टाकायचा. ओरडणं नाही, पगार कापणं नाही. दिवसभर तो छातीशी टोचत राहायचा. संध्याकाळी घरी जाताना तो केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, त्याच्या खान्यात परत टाकायचा, की चूक संपली.

"मग हा संपला नाही का?" मी विचारलं.

"छापखाना बंद झाला त्या दिशी खिशात हुता," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी गेलो तर केस भंगारात गेल्ती. ठेवनार कुठं?"

अशा माणसाला लेटन्सी सांगावी असं मला वाटलं आणि मी सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी हात खान्यापात्तुर जायाचा येळ. आनि वेग म्हंजी येकदा हात बसला की ओळ किती भराभरा भरती." पुण्याच्या दुकानदारांनाही इतकं सरळ सांगता आलं नसतं. मग मी त्यांच्यासमोर निवड ठेवली. दोन्ही पट्ट्यांचा वेग तोच, शंभराचा. एक तीन ठोके थांबणारी, ती दुकानात होती. दुसरी दोन ठोक्यांची, महाग, पुण्याहून आणावी लागली असती.

त्यांनी थोडा विचार केला. "तीनचीच द्या. येका ठोक्यानं काय हुतंय. मपली बोटं कुटं तेवडी पळत्यात."

इथवर सगळं बरोबर झालं होतं. त्यांनी निवड केली होती आणि ती शहाणपणाची होती. लग्नपत्रिका टाइप करणाऱ्या माणसाला दोन आणि तीनमधला फरक जन्मात कळला नसता. मलाही तो घड्याळ लावून बसल्यावरच कळायचा. पण कॉम्प्युटर जोडून झाल्यावर, सुरुवातीला येणाऱ्या त्या निळ्या सेटिंगच्या पडद्यावर मी लेटन्सी तीनच्या जागी दोन केली.

असं करता यायचं. पट्टीवर तीन लिहिलेलं असलं तरी बोर्डाला दोनच ठोके थांब असं सांगता यायचं, आणि पुष्कळ पट्ट्या निमूटपणे तेही सहन करायच्या. आमच्या धंद्यातली पोरं तशा गोष्टी मिशीला पीळ देत सांगायची. मला मिशी नव्हती, पण पीळ होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाला काहीतरी भेट द्यायची होती. साहेब कुठं आहेत असं न विचारल्याबद्दल. त्याला सांगायचंही नव्हतं, नुसतं द्यायचं होतं. दोन दिवस कॉम्प्युटर सुरू ठेवला, मोठमोठ्या फायली इकडून तिकडे फिरवल्या, एकदाही अडला नाही. आईनं नाताळच्या करंज्या करायला बोलावलं होतं, दुकानात स्वेटर घालून बसावं लागत होतं. मी खूश होऊन खोकं बांधलं आणि टेम्पोत घालून दिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा एसटीडीवरून फोन आला. शिफ्टची कळ खराब आहे का, असं त्यांचं म्हणणं. न दाबता दाबल्यासारखं होतंय. मी नवा कीबोर्ड पाठवला. त्यांच्या फॉन्टमध्ये साधी कळ दाबली की क उमटायचा, शिफ्टसकट दाबली की ख. कळ अडकत असेल तर असं होणारच, मी फार विचार केला नाही. मार्च तोंडावर होता, सगळ्यांनाच घाई होती. नंतर फोन आला नाही, म्हणजे काम झालं असं मी धरून चालले. कामाच्या रगाड्यात न आलेला फोन ही चांगली बातमी असते.

मेच्या मध्यावर एका ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी आली. अक्षर मोत्यासारखं. कॉम्प्युटर विकायचा आहे, गिऱ्हाईक असेल तर पाहावं, आपण एकदा येऊन किंमत सांगावी. कारण लिहिलं नव्हतं.

मी सोलापूर रस्त्याच्या एसटीनं गेले. दीड-दोन तास उभ्यानं. मिरजगावला उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. शेडमध्ये पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवत होता. भिंतीला बुद्धाची तसबीर, खाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर स्वच्छ धुतलेलं कापड. काकांना मी ओळखलंच नाही. डोळ्यांवर जाड काचा आल्या होत्या आणि माणूस पार वाळला होता. काकू पाणी घेऊन आल्या आणि माझ्याशीच हळू आवाजात बोलल्या, "जेवत न्हाईत धड. नुसतं डोळं गेलं, डोळं गेलं. दोनदा चष्मा बदलला."

"काय झालं, काका?"

"माझं हुईना आता, ताई. हात चुकतोय."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. कर्जतला भाच्याच्या गोडाऊनवर राखणदाराची जागा होती. कॉम्प्युटर गेला की तिथं जायचं ठरलं होतं. चुका किती होतात, असं मी विचारलं. त्यांनी वरच्या खिशात हात घातला आणि चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. रबरबँड लावलेला. कॉम्प्युटरमध्ये उपसायला खिळा नव्हता, म्हणून ते प्रत्येक चुकीचा शब्द कागदावर लिहून खिशात ठेवत होते. संध्याकाळी ठेवायला खाना नव्हता, म्हणून त्या साठत गेल्या होत्या.

मी एकेक चिठ्ठी वाचत गेले. 'दुपारी'च्या जागी 'धुपारी'. 'कन्या'च्या जागी 'खन्या'. एका दशक्रियेच्या पत्रिकेत 'गाव'च्या जागी 'घाव', आणि ती तशीच वाटली गेली होती. ते घरचे लोक येऊन काही बोलले नाहीत, नुसती पत्रिका टेबलावर ठेवून गेले, असं काकांनी सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक पान ते तीनदा वाचत होते. वाचताना बरोबर असायचं, दुसऱ्या दिवशी उघडलं की चूक. मधूनच कॉम्प्युटर हँगही व्हायचा, पण तेव्हा सगळ्यांचेच व्हायचे, त्यांनी ती तक्रार मानली नव्हती.

"यंत्राचं काही असेल असं वाटलं नाही तुम्हाला?"

"यंत्र कशाला चुकंल?" ते म्हणाले. "प्रुफातली चूक कंपोझिटरचीच असती."

चिठ्ठ्या संपत आल्या तेव्हा एक वेगळी निघाली. लग्नाची तारीख. तीनच्या आकड्याच्या जागी त्यांनी पेनानं एक रिकामा चौकोन काढला होता, पडद्यावर दिसला तसा. मी तो चौकोन बघत राहिले. मग सगळ्या चिठ्ठ्या परत पाहिल्या. प्रत्येक वेळी साध्या अक्षराचं शिफ्टचं अक्षर झालेलं, एकदाही उलटं नाही. चुकणारा हात कधी इकडे चुकतो, कधी तिकडे.

"काका, हा चौकोन कुठल्या कळीवर आहे?"

त्यांनी कीबोर्डवर नजर फिरवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, खाना न् खाना पाहावा तशी. "न्हाई कुटं," ते सावकाश म्हणाले.

"केसमध्ये जो खिळाच नाही तो तुमच्या हाताला लागेल कसा?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तोवर मला कळलं होतं. मी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, निळा पडदा उघडला. लेटन्सी, दोन. माझीच बोटं तिथं लागली होती. मेमरी तपासायची फ्लॉपी माझ्या पर्समध्ये असायची, ती घातली. पंधरा मिनिटांत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उतरायला लागल्या. डिसेंबरच्या गारठ्यात जी पट्टी दोन ठोक्यांत पळाली, ती मिरजगावच्या पत्र्याखाली पळत नव्हती. उन्हं चढत गेली तसा तिचा दम तुटत गेला आणि ती अक्षरातला एक कण मध्येच सांडत होती; तो सांडला की साध्या अक्षराचं शिफ्टचं अक्षर व्हायचं आणि तीनच्या आकड्याचा चौकोन. दोनाचे तीन केले, फ्लॉपी परत लावली. दुपार कलेपर्यंत एकही लाल ओळ आली नाही.

"मेमरीत दोष होता," मी म्हणाले. "आता नाही होणार."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आणि मला ते तिथंच सोडायचं होतं, हे कबूल करते. मी थकले होते, परतीच्या एसटीत पुन्हा उभं राहायचं होतं, काकूंनी माझ्यासाठी पिठलं-भाकरी केली होती. पट्टी पुण्याची, दुकानदार पुण्याचा, तो काही मिरजगावला यायचा नव्हता. साहेबांवर सगळं ढकलायची सवय मला होतीच.

काकांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. "म्हंजी माझा हात न्हवता," ते म्हणाले. मग स्वतःशीच आणखी एकदा म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग काकांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, त्याला रबरबँड लावला आणि हातात धरून मला विचारलं, "मंग ह्या कुनाच्या?"

आवाजात राग नव्हता. सव्वीस वर्षं जो प्रश्न ऐकला तोच त्यांनी विचारला. कुणाच्या तरी असणारच, त्या टेबलावर ठेवून कसं चालेल, एवढाच त्याचा अर्थ होता. पट्टीच्या असं म्हणता आलं असतं. पट्टीवर तर स्वच्छ तीन लिहिलं होतं.

"माझ्या," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. तुम्ही तीन निवडलेत, मी न विचारता दोन केलं, तुम्हाला चांगलं काही द्यावं म्हणून.

त्यांनी मान हलवली आणि गठ्ठा माझ्यापुढं धरला. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता. मी तो पर्समध्ये ठेवला, जिथं पट्ट्या ठेवायचे तिथं. मला शरमेनं वर बघवेना. काका म्हणाले, "जेवून घ्या, ताई. भाकर गार हुईल." मी जेवले. सगळं संपवलं.

कॉम्प्युटर विकला गेला नाही. ते गोडाऊनवर गेले नाहीत. पण सगळं पहिल्यासारखं झालं असंही नाही. ते प्रत्येक पान काकूंना मोठ्यानं वाचायला लावायचे आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून ऐकायचे, हे मला नंतर कळलं. एक विश्वास गेला होता आणि तो आकडा बदलून परत येणारा नव्हता. चिठ्ठ्या माझ्या दुकानात स्क्रूच्या डब्यात राहिल्या. त्यानंतर मी कुणाच्या पट्टीवर लिहिलेला आकडा बदलला नाही. शहाणी झाले म्हणून नाही. डबा उघडला की त्या दिसायच्या म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात कर्जतहून परतताना मी मिरजगावला उतरले. काका टाइप करत होते, चष्मा जुनाच, पातळ काचांचा. बोलायला वळले तेव्हा त्यांच्या वरच्या खिशातून कागदाचं टोक डोकावताना दिसलं. काही न विचारता मी फ्लॉपी काढली आणि कॉम्प्युटरला लावली. ते हात बांधून शेजारी उभे राहिले, तासभर. एक लाल ओळ आली नाही. तरी मी परत पहिल्यापासून सुरू करायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात अडवला.

"यंत्र बरूबर हाय, ताई," ते म्हणाले. त्यांनी खिशावर तळवा ठेवला आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "ही माझी हाय."